तांब्याची वाटी

सदाशिव पेठेतल्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर, वैद्य बापूराव ओगल्यांचा दवाखाना आहे. खाली क्लासच्या मुलांनी स्कूटरी अशा लावलेल्या असतात की जिन्यापर्यंत पोचणं हीच पेशंटची पहिली तपासणी. जिन्यात पाटी आहे : ‘शेजारणीला लागू पडलेला लेप मागू नये. ती ती आहे, तुम्ही तुम्ही आहात.’ पाटी बापूरावांनी स्वतः लिहिली, आणि त्यांचं निम्मं शास्त्र तिच्यात आलं. कुणाची कातडी वाताची, कोरडी, नखाने ओरखडा काढला तर पांढरी रेघ उमटणारी. कुणाची पित्ताची, गरम, जराशात लाल होणारी. कुणाची कफाची, जाड, गार, तेलकट. मुरूम तिघींनाही सारखाच येतो, पण लेप तिघींना तीन लागतात. उरलेलं निम्मं शास्त्र म्हणजे कोण कशाची आहे हे ओळखणं, आणि ते पाटीवर लिहून येत नाही.

दवाखान्यात शिरलं की डाव्या हाताला, बापूरावांच्या खोलीच्या पडद्याअलीकडे, लाकडी स्टुलावर एक बाई बसलेली असते. तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पेशंट तिच्यापुढे हात करतात आणि दुसऱ्या हाताने मोबाइल बघत राहतात. तिचं नाव सत्यशीला मेश्राम. वय एकोणपन्नास. माहेर भंडारा जिल्ह्यातलं, पवनीच्या बाजूचं. नवरा भोसरीच्या कारखान्यात होता म्हणून ती पुण्यात आली, चार वर्षांपूर्वी तो गेला, आणि ती दापोडीच्या दोन खोल्यांत मुलीबरोबर राहते. रोज बसने डेक्कनला उतरायचं, नदी ओलांडून नारायण पेठेतून चालत यायचं, दहाच्या आत हात धुऊन स्टुलावर बसायचं. एकोणीस वर्षं झाली.

आली तेव्हा ती नुसती औषधं कुटायला आली होती. बापूरावांच्या आई तेव्हा होत्या. त्यांनी आडनाव विचारलं, ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी खलबत्ता आतल्या खोलीतून गॅलरीत गेला. कुणी काही बोललं नाही. सदाशिव पेठेत असल्या गोष्टी बोलून करत नाहीत. सत्यशीलाही बोलली नाही, कारण गॅलरीत निदान वारा होता. पण बापूराव गॅलरीत यायचे. तिने कुटलेली मंजिष्ठा बोटांत चोळून बघायचे आणि म्हणायचे की वस्त्रगाळ कशाला म्हणतात ते आज कळलं. हळूहळू ते तिला पेशंटचे हातही दाखवायला लागले. डोळ्यांनी बघतो तो फोटोग्राफर, वैद्याने बोटांनी बघावं, असं त्यांचं म्हणणं. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला, दहावी झालेल्या बाईला, समोर बसवून शिकवावं याचं तिला तेव्हा अप्रूप वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं, आणि तिची सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. चहा नुकताच गाळलेला, स्टीलचा पेला तापलेला. सत्यशीलाने तो पदरात धरून आणला आणि टेबलावर ठेवला. बापूरावांनी तो सहज उचलला, हातात धरून दोन मिनिटं बोलत राहिले. तिने त्यांच्या बोटांकडे बघितलं. बोटं लाल झाली होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. साखरेचा आजार जुना, मुंग्या यायच्या असं ते म्हणायचे. आता मुंग्याही येईनाशा झाल्या होत्या. त्यानंतर ती त्यांना नाडी बघताना न्याहाळायला लागली. तीन बोटं मनगटावर टेकलेली असत, पण नाडीपासून चांगली बोटभर लांब. डोळे मिटलेले, चेहरा गंभीर, आणि हाताखाली काहीच नाही.

एक दिवस त्यांनी पेशंट समोर असताना अगदी सहज विचारलं, “सत्यशीलाबाई, तुम्हाला काय वाटतं?” तिला वाटलं परीक्षा घेतायत. ती म्हणाली, पित्त. बापूराव पेशंटकडे वळून म्हणाले, पित्त. आठवड्यात दोनदा, मग चारदा, मग रोज ते विचारायला लागले. मग पेशंटसमोर विचारणं बरं दिसेना. तिची पद्धत अशी होती की मसुराचं पीठ दुधात कालवून पेशंटच्या हातावर आतल्या बाजूला बोटभर लावायचं आणि दहा मिनिटं बघायचं. वाताच्या कातडीवर ते लगेच वाळून तडकतं, पित्ताच्या कातडीवर कडेने गुलाबी होतं, कफाच्या कातडीवर ओलंच राहतं. ते पीठ ज्या वाटीत उरे ती वाटी तबकात ठेवून पेशंटबरोबर आत जायची. एकदा पित्ताच्या बाईबरोबर योगायोगाने तांब्याची वाटी गेली. संध्याकाळी बापूराव चष्मा पुसत म्हणाले की सकाळची ती तांब्याची वाटी बरी आहे, पित्ताला तीच ठेवत जा. मग वाताला मातीची आणि कफाला पितळी ठरली. दोन प्रकृती मिसळलेल्या असल्या तर वाटीत चमचा. एवढंच. सहा वर्षांत या विषयावर दोघांमध्ये याहून जास्त शब्द झाले नाहीत.

आणि दवाखाना कधी नव्हता एवढा चालायला लागला. बापूराव नाडीवर हात ठेवतात, क्षणभर डोळे मिटतात आणि सांगतात, हे बघून बाणेर-बावधनच्या बायका थक्क व्हायच्या. “यांनी नुसता हात धरला आणि ओळखलं,” असं त्या जिन्यातून उतरताना फोनवर सांगायच्या. स्टुलावर बसलेल्या बाईने त्यांचा हात त्याआधी दहा मिनिटं धरला होता हे त्यांच्या लक्षातही नसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ एकाची होती आणि ती झाकायचं काम दुसरीचं होतं.

सत्यशीलाला याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण वाईट वाटून घ्यायला सवड लागते. नवरा आजारी होता तेव्हा बापूरावांनी दोन वर्षं औषध दिलं आणि कधी आवाज चढवला नाही. असा माणूस म्हातारपणी उघडा पडायला नको, एवढं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. स्वतःचं काय, हे ठरवायचं राहूनच गेलं.

ते ठरवलं तिच्या मुलीने. नम्रता हिंजवडीत नोकरी करते, दिवसभर परदेशातल्या लोकांच्या तक्रारी ऐकते, त्यामुळे घरच्यांच्या तक्रारी तिला लगेच कळतात. तिने फोनवर एक जाहिरात दाखवली. पवनीजवळ एका ट्रस्टच्या आयुर्वेद रुग्णालयात त्वचेच्या विभागासाठी अनुभवी सहायिका हव्या होत्या. शिक्षणाची अट दहावी. पण रुग्णाच्या त्वचेची प्रकृती तपासण्याचा पाच वर्षांचा अनुभव हवा, आणि तो जिथे काम केलं तिथल्या वैद्याच्या सहीशिक्क्यानिशी लिहून हवा. महिनाअखेरपर्यंत अर्ज.

“आई, हे लिटरली तुझ्यासाठी लिहिलंय,” नम्रता म्हणाली. “फक्त एक लेटर पाहिजे.”

पवनीच्या बाजूला सत्यशीलाची आई होती. एकटी, ऐंशीच्या पुढची, मोतीबिंदूने घेरलेली. दर रविवारी फोनवर तिचं एकच चालायचं, “येतं का नाही वं तू? मले आता चूल बी दिसत नाही.” सत्यशीला दरवेळी बघते म्हणायची. आता पहिल्यांदा खरंच बघण्यासारखं काही समोर आलं होतं. आईजवळ राहायचं, आणि जे येतं ते उजेडात करायचं. पेशंटने विचारलं की मला काय झालंय, तर आपल्याच तोंडाने सांगायचं. या शेवटच्या गोष्टीची तिला एवढी ओढ असेल हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. त्या रात्री तिने आरशासमोर उभं राहून हळूच म्हणून बघितलं, “तुमची पित्ताची प्रकृती आहे.” आणि नम्रता जागी तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं.

बापूरावांकडे पत्र मागितलं तेव्हा ते खूश झाल्यासारखे हसले आणि म्हणाले, देतो की. आठवड्याने पुन्हा म्हणाले, देतो. तिसऱ्यांदा तिने जाहिरातच त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या कागदावर, सुरेख अक्षरात, पत्र मिळालं. ‘श्रीमती सत्यशीला मेश्राम या आमच्याकडे एकोणीस वर्षे औषधे कुटणे, लेप कालवणे, भांडी व स्वच्छता ही कामे अत्यंत प्रामाणिकपणे करीत आहेत.’ खाली सही, शिक्का आणि भरभरून शुभेच्छा.

तिने वाचलं आणि म्हणाली, “डॉक्टर, यात तपासणीचं नाही आलं.”

बापूराव खिडकीबाहेर बघत राहिले. “तपासणी वैद्य करतो, सत्यशीलाबाई,” ते म्हणाले. “तुम्ही करता असं मी लिहिलं तर मी काय करतो, असं कुणीतरी विचारेल ना?”

उत्तर खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. तिच्यासाठी चार खरे शब्द लिहायचे तर त्यांना स्वतःचं सगळं खोटं लिहून द्यावं लागणार होतं. ती पत्राची घडी घालून बाहेर आली. खोटं त्यांचं आणि तिचं सामाईक होतं, पण त्यातून बाहेर पडायचं दार एकच होतं आणि त्यात ते बसले होते. तिला राग आला, आणि रागाबरोबर त्यांची कीवही आली. दोन्ही एकदम आलं की माणूस काहीच करत नाही. ती चार वाजता पुन्हा स्टुलावर बसली.

त्याच आठवड्यात उत्कर्षाने दवाखान्याचं रूप पालटायला घेतलं. उत्कर्षा म्हणजे बापूरावांची सून. हुशार, धडाडीची, आणि मनाने वाईट मुळीच नाही. सासऱ्यांची नाडीपरीक्षा जगासमोर यायला हवी असं तिला मनापासून वाटायचं. लेपांच्या नव्या बरण्या आल्या, भिंतींना मातकट रंग आला, आणि एका गुरुवारी व्हिडिओ काढायचं ठरलं. पेशंट खरी होती. अक्षता नावाची सत्तावीस वर्षांची मुलगी, गालावर मुरूम, लग्न दहा दिवसांवर. तिला घरून भीती घातली होती की फोटो जन्मभर राहतात.

सत्यशीला सकाळी आली तर कपाटात तिच्या वाट्या नव्हत्या. त्यांच्या जागी रविवार पेठेतून आणलेल्या डझनभर पितळी वाट्या, एक झाकावी आणि दुसरी काढावी अशा सारख्या, चकचकीत मांडलेल्या. तिने शोधाशोध केली. जुन्या वाट्या गॅलरीत एका खोक्यात सापडल्या. तिने तांब्याची तेवढी काढून पदराखाली धरली. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी, स्वतःच्याच कामाच्या जागी.

अक्षता समोर येऊन बसली. चेहरा तेलकट, मुरूम ठसठशीत. कुणीही बघितलं असतं तरी कफ म्हणालं असतं. प्रकृती ओळखायच्या, उत्कर्षाच्या टॅबवरच्या वीस प्रश्नांनीही कफच सांगितलं होतं. पण सत्यशीलाने हात हातात घेतला आणि तिला कळलं. हात आतून तापलेला होता. पीठ लावल्यावर पाचव्या मिनिटालाच कडेने गुलाबी रेघ उमटली. मुलगी लग्नाच्या धावपळीत जागरणं करत होती, वरवर तेल सुटलं होतं, आणि खाली सगळं पित्त होतं. सत्यशीलाने पीठ तांब्याच्या वाटीत ओतलं, तबकात ठेवलं आणि अक्षताच्या मागून पडद्यापर्यंत गेली.

पडद्याशी उत्कर्षा उभी होती. तिने तबकाकडे बघितलं. “मावशी, ही वाटी मिसमॅच दिसतेय हो फ्रेममध्ये,” असं म्हणत तिने तांब्यातलं पीठ पितळी वाटीत ओतलं, तांब्याची वाटी सत्यशीलाच्या हातात दिली आणि तबक घेऊन स्वतःच आत गेली. सगळं मिळून पाच सेकंदांत.

आत दिवे लागले होते. बापूरावांनी तबकाकडे एक नजर टाकली, मनगटावर तीन बोटं टेकली, डोळे मिटले. “कफ,” ते म्हणाले, “शुद्ध कफ.” सत्यशीला पडद्यातून अर्धी आत आली आणि “डॉक्टर, जरा,” एवढं बोलली. उत्कर्षाने ओठांवर बोट ठेवलं. बापूरावांनी सत्यशीलाकडे बघितलं, पण माइक चालू होता आणि कॅमेराही. त्यांनी चिठ्ठी लिहिली. मोहरी, वेखंड, लोध्र. कफाला उत्तम, आणि पित्ताच्या कातडीला निखारा.

पुड्या बांधतानाही कॅमेरा तिच्या हातांवर होता. ‘वैद्यांच्या मुखातून थेट तुमच्या हातात’ असं काहीतरी उत्कर्षा मागून बोलत होती. सत्यशीलाच्या हाताजवळ पित्तावरची, मंजिष्ठा आणि वाळ्याची बरणी होती. चिठ्ठी बाजूला सारून ती उघडली असती तर? पण मग चिठ्ठीत एक आणि पुडीत दुसरं, हे सगळ्यांच्या देखत झालं असतं, आणि का म्हणून विचारलं असतं तर सहा वर्षं सांगावी लागली असती. तिने चिठ्ठीप्रमाणे पुड्या बांधल्या. देताना खालच्या आवाजात म्हणाली, आधी हातावर लावून बघा. अक्षता हसून हो म्हणाली. लग्न दहा दिवसांवर असलेली मुलगी हातावर लावून बघत नसते, हे सत्यशीलाला कळायला हवं होतं.

माणसं पांगल्यावर ती आत गेली. बापूराव थकून खुर्चीत बसले होते.

“ती पित्ताची होती,” सत्यशीला म्हणाली. “मी तांब्याची ठेवली होती.”

बापूरावांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते आपली बोटं बघत राहिले. मग म्हणाले की चेहरा तेलकट होता. ती म्हणाली, हात गरम होता. त्यांना काय गरम आणि काय गार, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी ते म्हणाले, “एवढ्या लोकांसमोर सांगितलंय. तासाभरात फोन करून बदललं तर काय दिसेल? उद्या सकाळी करू. काहीतरी निमित्त काढून.”

उद्या करू, हे वैद्याचं झालं. पण अक्षताचा केसपेपर सत्यशीलाच्या स्टुलाशेजारी पडला होता आणि त्यावर नंबर होता. फोन तिच्या पिशवीत होता. तिने तो दोनदा बाहेर काढला. काय सांगणार होती? मी कोण, असं त्या मुलीने विचारलं तर? लेप कालवणारी बाई वैद्याचं निदान चुकलं म्हणून फोन करते, हे ऐकून कोण थांबलं असतं? अशी कारणं तिने एकामागून एक रचली, आणि सगळी पटण्यासारखी होती. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की त्यातलं एकही कारण त्या मुलीच्या चेहऱ्यापेक्षा मोठं नव्हतं. तरी तिने फोन केला नाही. हे तिच्या नावावर मांडायलाच हवं, तिने स्वतः मांडलेलं आहे.

सकाळी फोन करायची वेळच आली नाही. दार उघडायच्या आधी अक्षता आणि तिचे वडील जिन्यात उभे होते. मुलीने चेहऱ्याभोवती ओढणी गुंडाळली होती. ती काढली तेव्हा उत्कर्षा मागे सरकली. दोन्ही गाल भाजल्यासारखे, हनुवटीवर पाण्याने भरलेले फोड.

वडील बँकेतून निवृत्त झालेले, तोलूनमापून बोलणारे. “आम्ही लग्न ठरवलं होतं, रंगपंचमी नव्हे,” ते म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी सांगितलं की रात्रीच त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आलोय, डाग राहणार नाहीत म्हणतात, पण लग्न पुढे ढकलावं लागेल. ग्राहक मंचात जायचं की नाही हे ते अजून ठरवत होते. आधी त्यांना एक गोष्ट हवी होती. चूक कोणाची, हे लेखी.

बापूरावांना त्यांनी सरळ विचारलं, नाडी तुम्ही बघितलीत ना? पडद्याजवळ सत्यशीला उभी होती. तिला वाटलं, आता ते सांगतील. आणि तिला धक्का बसला तो याचा, की त्यांनी सांगू नये असंही तिला त्याच क्षणी वाटलं.

“त्वचेची तपासणी सत्यशीलाबाई करतात,” बापूराव म्हणाले. “गेली सहा वर्षं. मी त्यावर विसंबतो.”

एवढं शंभर टक्के खरं होतं. पुढे ते काही बोलले नाहीत, आणि न बोललेल्या त्या जागेत सगळी चूक आपोआप तिच्याकडे घरंगळत आली. उत्कर्षाने चकित होऊन तिच्याकडे बघितलं. अक्षताने बघितलं, आणि त्या मुलीच्या नजरेत राग नव्हता, नुसतं न समजणं होतं. काल हाच हात धरून तुम्ही दहा मिनिटं बसला होतात ना, असं काहीतरी. सत्यशीलाला ती नजर सहन झाली नाही.

पत्र उत्कर्षाने लिहिलं. संगणकावर, दवाखान्याच्या नव्या कागदावर. वर दिलगिरी, खाली उपचाराचा खर्च देण्याची हमी, आणि मधोमध दोन वाक्यं : ‘रुग्णाच्या त्वचेची प्रकृती-तपासणी आमच्या अनुभवी सहायिका श्रीमती सत्यशीला मेश्राम या गेली सहा वर्षे करीत आहेत. प्रस्तुत प्रकरणात त्यांनी केलेली तपासणी सदोष होती.’ खाली दोन सह्यांची जागा होती. वैद्य आणि तपासणी करणारी.

बापूरावांनी सही केली, शिक्का मारला आणि पेन तिच्यापुढे केलं. उत्कर्षा पाहुण्यांना पाणी द्यायला बाहेर गेली होती. सत्यशीलाने कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

“मी तांब्याची ठेवली होती,” ती म्हणाली.

“मला माहीत आहे,” बापूराव म्हणाले.

त्यांनी वर बघितलं नाही. पेन त्यांच्या त्या सुंदर, बधिर बोटांत तसंच पुढे धरलेलं होतं. सत्यशीलाला वाटलं ओरडावं, कागद फाडावा, बाहेर जाऊन बारा वाट्या त्या म्हाताऱ्या बँकवाल्यासमोर ओताव्यात. मग गॅलरीतला खलबत्ता आठवला, आणि पूड चोळून बघणारी हीच बोटं. शिवाय मुलगी भाजली होती आणि पुड्या आपल्याच हातांनी बांधल्या होत्या, हे काही पत्राने लिहिलं तेवढं खोटं नव्हतं. तपासणी तिची बरोबर होती. चुकली होती ती पुढे, जिथे तपासणी संपते आणि धीर लागतो तिथे. पण त्याबद्दल पत्रात ओळ नव्हती. तिने सही केली.

कामावरून मात्र तिला काढलं नाही. उत्कर्षाने सुचवून बघितलं होतं. बापूरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा सुनेवर आवाज चढवला, सत्यशीलाबाई कुठेही जाणार नाहीत म्हणाले. ही गोष्ट पेशंटमध्ये पसरली आणि बापूरावांच्या मोठ्या मनाची वाहवा झाली. एवढी चूक करूनही बाईला कामावर ठेवलं, असा मालक आजकाल मिळतो का? दोन बायकांनी तर तिला स्टुलाशी येऊन सांगितलं की नशीबवान आहात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, वर हसायचंही आपणच.

महिनाअखेरीला दोन दिवस उरले होते. दुपारी दवाखाना बंद असताना ती पत्राची प्रत घेऊन टिळक रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. प्रत तिने हट्टाने मागून घेतली होती. आदल्या रात्री नम्रता ती वाचून आधी रडली. मग म्हणाली, “आई, पहिल्या वाक्यात सगळं आहे बघ. अनुभवी. सहा वर्षं. सही, शिक्का. दिलगिरी, खर्च आणि ही दुसरी लाइन, तिन्हींवर कोऱ्या पट्ट्या ठेवायच्या आणि झेरॉक्स काढायची. कुणाला कळणारे?” पट्ट्या तिने कापूनही दिल्या होत्या. त्या पिशवीत होत्या.

दुकानात गर्दी नव्हती. सत्यशीलाने काउंटरवर कागद पसरला आणि पट्ट्या त्यावर ठेवल्या. बरोबर बसल्या, एक अक्षरही बाहेर राहिलं नाही. ‘प्रकृती-तपासणी आमच्या अनुभवी सहायिका श्रीमती सत्यशीला मेश्राम या गेली सहा वर्षे करीत आहेत.’ एकोणीस वर्षांत तिच्याबद्दल कुणी लिहिलेलं पहिलं खरं वाक्य. मग तिला ती ओढणी आठवली, सोडताना गालाला चिकटलेली. मधल्या पट्टीखालचं वाक्य खोटं होतं. पण त्या वाक्याखाली एक मुलगी होती, आणि ती खरी होती.

दुकानदार पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, “आख्खं काढायचंय की झाकलेलं? मशीनला सगळं सारखंच.”

“आख्खं,” सत्यशीला म्हणाली आणि पट्ट्या उचलल्या. दोन रुपये दिले आणि दोन्ही कागद पिशवीत टाकून परत निघाली. अर्जाला अशी आख्खी प्रत लावून उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिने ती नीट सरळ ठेवली, घडी पडू दिली नाही. जगात कुठेतरी लिहिलेलं होतं, एवढंच.

चारला पाच मिनिटं होती. जिन्यात पाटीखाली पहिली पेशंट वाट बघत बसलीच होती. वर कपाट उघडलं तर वरच्या फळीवर तांब्याची वाटी होती, चिंचेने घासून लखलखीत केलेली, शेजारी मातीची आणि जुनी पितळी. कुणी आणून ठेवल्या हे विचारायची गरज नव्हती. पडद्याआड बापूराव खाकरले.

सत्यशीला स्टुलावर बसली. हात धुतले होतेच, ते पदराला पुसून कोरडे केले.

“या,” ती म्हणाली. “हात द्या.”